केळीच्या खोलीतला कॅप्टन

२ मे, सकाळी ६.१५

आजपासून नियमित रोजनिशी. लोक निवृत्त झाल्यावर आठवणी लिहायला बसतात आणि तोवर आठवत काही नाही. मी महिनाभर आधीच सुरुवात करतोय. ३१ तारखेला निवृत्त.

छत्तीस वर्षं जळगाव बसस्थानकाच्या कंट्रोल केबिनमध्ये, माईकसमोर. कागदोपत्री मी रुपचंद, वाहतूक नियंत्रक. वाहतूक काही कोणाच्या नियंत्रणात येत नाही, पण माणसं आवाजाच्या नियंत्रणात येतात. मी ‘फलाट क्रमांक सात’ म्हटलं की अर्धं स्थानक बोचकी उचलून सातकडे पळतं. एवढी सत्ता कलेक्टरकडेही नाही.

१ जूनपासून माझ्या जागी मशीन. पुण्याच्या कोणा बाईचा आवाज त्यात भरून आणलाय. काल चाचणी झाली. ती ‘पारोळा’ असं म्हणते की ऐकणाऱ्याला वाटावं, दुखऱ्या गुडघ्याला लावायचं मलम आहे.

संकल्प: रोज पहाटे आवाजाचा रियाज. घशासाठी चहा पूर्ण बंद. या वहीत कोणाविषयीही वाईट लिहायचं नाही.

सकाळी ११.००

चौकशी खिडकीवरचा तोताराम केबिनमध्ये येऊन बसला. लोक त्याला विचारतात, तो मला विचारतो, आणि परत जाऊन स्वतःच्या पोटातून काढल्यासारखं सांगतो. नोकरी चोवीस वर्षांची, बढाया ऐंशी वर्षांच्या. हे वाईट लिहिणं नव्हे, ही नोंद आहे. त्याने चहा मागवला. आलेल्या माणसासमोर नाही म्हणणं बरं दिसत नाही. दोन घेतले.

४ मे

रियाज झाला नाही. समोरच्यांचा मिक्सर.

स्थानकाच्या गेटजवळ राकेशचं झेरॉक्सचं दुकान आहे. चोवीस वर्षांचा पोरगेला माणूस, दिवसभर माझ्याच भोंग्याखाली उभा असतो. त्याने बातमी आणली. गफूरभाई केळीवाल्यांचा फैज कॉम्प्युटरवर कार्टून सिनेमा काढतोय. समुद्री डाकूंचा. खजिना, नकाशा, बेट, सगळं. आणि तोही अहिराणीत! आवाज देणारी माणसं हवी आहेत.

हसू आलं. खानदेशात समुद्र कुठे? इथल्या माणसाने पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे मेहरूणचा तलाव. त्यात डाकू, आणि ते अहिराणी बोलणार. शिकल्या-सवरल्या पोरांच्या डोक्यात ऊन गेलं की हे असं होतं. तापमान आज ४४.

कॅप्टनचा आवाज अजून ठरलेला नाही म्हणे.

दुपारी ३.३०

विचार केला. १ जूनपासून या गावात माझा आवाज कुठेही ऐकू येणार नाही. घरी मी फारसं बोलत नाही, आणि बोललो तर बायको, लताबाई, कुकरची शिट्टी मोजत असते. सिनेमात आवाज गेला तर राहील. कार्टून असलं तरी. कॅप्टन मीच करायचा हे ठरवलं. फैजला कळवायचं बाकी आहे.

६ मे

निवड चाचणी.

स्टुडिओ म्हणजे केळी पिकवायची खोली! गफूरभाईंच्या गोडाऊनमध्ये अशा चार खोल्या आहेत. जाड भिंती, जाड दार, आत थंड हवा सोडून केळी पिकवतात. एकीचं मशीन बिघडलंय, ती फैजने घेतली. बाहेरचा आवाज अजिबात आत येत नाही, हे कबूल. पण हवाही येत नाही. पंखा लावला तर माईकमध्ये घरघर, म्हणून पंखा बंद. दहा मिनिटांत माणूस पिवळा पडतो.

गफूरभाईंना एक सवय आहे. गोडाऊनमधून जाता-येता उघडं दार दिसलं की लोटून कडी घालायची. थंड हवा वाया जाते. आता या खोलीत थंड हवा नाही हे त्यांना ठाऊक आहे, हाताला ठाऊक नाही. दारावर फैजने कागद चिकटवलाय: ‘अब्बा, अंदर आदमी है।’ फैज माझ्याशी अदबीने वागला. काका काका करत होता.

प्रसंग दिला: वादळ आलंय, जहाज बुडतंय, कॅप्टन खलाशांवर ओरडतोय. राकेश आधी उभा राहिला आणि गावातल्या बैलावर ओरडावं तसा ओरडला: अरे ए, शीड उतारा, जहाज बुडी राह्यनं! गावठी.

मग मी. दोनदा खाकरलो, कॉलर नीट केली, माईकवर रुमाल टाकला. म्हणालो: सर्व खलाशांनी कृपया लक्ष द्यावे. जहाज बुडण्याच्या मार्गावर आहे. शीड तात्काळ उतरवण्यात यावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

फैजने तोंडावर हात ठेवला आणि भिंतीकडे वळला. राकेशचे खांदे हलत होते. शिल्पा म्हणून सरकारी दवाखान्यातली नर्स आहे, संवाद तीच लिहिते आणि पोपटाचा आवाजही तीच देते; तिच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. माझ्या आवाजाने माणसं हेलावतात हे मला नवं नाही.

८ मे

निकाल. कॅप्टन राकेशला.

मला सांगाडा.

फैजने नीट समजावलं. बेटावर खजिन्याची पेटी आहे, पेटीत शंभर वर्षांपूर्वी कोंडलेला एक सांगाडा आहे. शेवटी पेटी उघडते तेव्हा तो बोलतो. म्हणजे सगळी कथा ज्या पेटीकडे जाते त्या पेटीत मी आहे. कॅप्टन काय, सुरुवातीपासून बडबडतच असतो. लोक शेवटचं लक्षात ठेवतात. मी होकार दिला. थोडं थांबून दिला.

लताबाईला सांगितलं, मध्यवर्ती भूमिका आहे. तिने विचारलं, कोणाची? सांगितलं. ती म्हणाली, मग जेवताना अंगाला लागू द्या की थोडं कमी.

१० मे

रियाज नाही. चहा तीन. उष्म्याने.

११ मे, दुपारी २.००

या सिनेमातली पात्रं म्हणजे नमुन्यांचं प्रदर्शन आहे. एक बढाईखोर कॅप्टन, ज्याने समुद्र कधी पाहिलेला नाही. एक भित्रा सुकाणूवाला. एक खादाड खानसामा. आणि पोपट, जो दुसऱ्याचं ऐकून बोलतो. असली माणसं जगात नसतात, कार्टूनमध्ये असतात, असं मी फैजला म्हणालो. तो म्हणाला, काका, असतात, फक्त त्यांना माहीत नसतं. वयाच्या मानाने बरं बोलला.

त्याची काम करायची पद्धत अशी: संवाद पाठ करायचे नाहीत. ओळखीतला त्या नमुन्याचा एक खरा माणूस मनात धरायचा आणि तो जसा बोलेल तसं बोलायचं. माणसाचं नाव मात्र कोणी कोणाला सांगायचं नाही. हा पक्का नियम.

मी काय ओळखणार नाही? खादाड खानसामा म्हणजे शिल्पाच्या दवाखान्यातला कोणीतरी डॉक्टर. सुकाणूवाला म्हणजे खुद्द फैजचा मामा, आवाज थेट तसाच. आणि राकेशचा कॅप्टन भोंग्या! (कॅप्टनचं नाव भोंग्या ठेवलंय.) दोन वाक्यं ऐकली आणि मांडीवर थाप मारली. तोताराम! हुबेहूब तोताराम!

मोठ्या मनाने गप्प बसलो. नियम म्हणजे नियम. फक्त राकेशला डोळा मारला. तो घाबरला. मी म्हटलं, ओळखलं रे मी, चांगलं पकडलंयस, बिनधास्त कर. त्याने माझे पाय धरले. संस्कारी आहे.

१३ मे

राकेशला मार्गदर्शन. कॅप्टन त्याच्याकडे गेला असला तरी तो घडवायचा मलाच लागणार.

त्याला म्हटलं, असा माणूस कधी थेट बोलायला लागत नाही. आधी दोनदा खाकरतो. मग कॉलर ओढतो. राकेश म्हणाला, हो काका, ते घेतलंय. पोरगं बारीक बघतं. म्हटलं, असा माणूस प्रत्येक वाक्यात नोकरीची वर्षं सांगतो. ते लिहून घेतलं. म्हटलं, त्याला वाटतं सगळं जहाज आपल्या आवाजावर चालतंय, आणि जहाज वाऱ्यावर चाललेलं असतं. वारा पडला तरी तो हुकूम सोडतच राहतो. फैज उठून उभा राहिला. म्हणाला, काका, हे तर मला सुचलंच नव्हतं, हा सीन घालूया.

घातला. कॅप्टन भोंग्या भर समुद्रात थांबलेल्या जहाजावर तासभर घोषणा देतो आणि खलाशी खाली बसून केळी खातात. मी इतका हसलो की शिल्पाने पाणी आणून दिलं. तिघं मात्र हसले नाहीत, एकमेकांकडे पाहत राहिले. नवख्यांना स्वतःच्या कामातली गंमत कळत नाही.

तोताराम, बाबा, तुझं काही खरं नाही.

१६ मे

सांगाड्यासाठी दोन पानी स्वगत लिहून नेलं. जीवनाची क्षणभंगुरता, सुवर्णाचा मोह, प्रवाशांना संदेश. फैजने अर्धं पान केलं. शिल्पाने चार ओळी केल्या. आणि त्या अहिराणीत केल्या.

इथे अडचण. म्हणजे माझी नाही, त्यांची. मी ओळी वाचल्या. शिल्पा म्हणाली, काका, शब्द अहिराणी आहेत पण ऐकायला बँकेचा अर्ज वाचल्यासारखं वाटतं. नर्सने अभिनयावर बोलू नये.

मी धुळ्याकडचा. शिंदखेड्याच्या अलीकडे आमचं गाव. बावीस वर्षांचा होईपर्यंत मला दुसरी भाषाच येत नव्हती. नोकरीला लागलो त्या आठवड्यात पहिल्यांदा माईकवर गाडी आल्याचं बोललो, ‘शिरपूरनी गाडी उनी शे’, आणि सगळं स्थानक हसलं. साहेबांनी केबिनबाहेर उभं केलं आणि सर्वांदेखत सांगितलं, इथे खेडं नाही. मी दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर घेतला. सहा महिने बातम्या ऐकून ऐकून बोलणं स्वच्छ केलं. तेव्हापासून छत्तीस वर्षांत माझ्या तोंडून अहिराणीचा एक शब्द गेलेला नाही. आई होती तोवर ती तिकडून अहिराणीत बोलायची, मी इकडून शुद्ध बोलायचो. फोन ठेवताना ती म्हणायची, बरं साहेब.

आईला चेष्टेची सवय होती.

१८ मे

केवळ माहितीसाठी लताबाईला विचारलं, ‘मला बाहेर काढा’ याला तुमच्याकडे काय म्हणतात. ती म्हणाली, तुमच्याकडे काय म्हणतात तेच. मी म्हटलं, मला आठवत नाही. ती पोळी लाटायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, शिकवू का? मी म्हटलं, गरज नाही.

पोळी करपली. दोष मला.

२१ मे, सायंकाळी ६.००

आज एक किरकोळ घटना घडली. तिचा विपर्यास होऊ नये म्हणून तपशीलवार लिहून ठेवतो.

दुपारी सगळे चहाला बाहेर गेले. (माझा चहा बंद आहे. एक घेतला होता.) मी आत थांबलो, एकांतात चार ओळींचा सराव करावा म्हणून. उन्हाचं म्हणून दार थोडं उघडं ठेवलं. दारावरचा कागद घामाने हातात आला, तो मी वाऱ्यासाठी वापरत होतो. गफूरभाई बाहेरून गेले असावेत. दार लागलं. कडी पडली. आतल्या बाजूची मूठ तुटलेली आहे. दिव्याचं बटण बाहेर आहे. जाता जाता त्यांनी तेही बंद केलं. काटकसरी माणूस.

मी पूर्णपणे शांत राहिलो. प्रथम परिस्थितीचा आढावा घेतला. ठरावीक अंतराने दारावर थाप दिली. मधल्या वेळात मोठमोठ्या दर्यावर्दी लोकांचं चिंतन केलं. बेटावर एकट्या पडलेल्या माणसाची मनःस्थिती अभ्यासली. अंधारात किमान सव्वा तास गेला असेल, कदाचित दीड. दार उघडलं तेव्हा मी खुर्चीवर बसून होतो. डोळ्यांत पाणी होतं ते घामाचं.

गफूरभाई हात जोडून माफी मागत होते. मी म्हटलं, काही हरकत नाही, चालायचंच. फैज आत जाऊन कॉम्प्युटरकडे बघत होता. म्हणाला, अरे, हे तर चालूच राहिलं होतं. बंद करायला विसरला असणार. वीज वाया.

२२ मे

सांगाड्याच्या रेकॉर्डिंगची वेळ विचारायला गेलो. फैज म्हणाला, काका, तुमचं काम झालं, आता गरज नाही. मी म्हटलं, अजून एकही ओळ घेतली नाही. तो म्हणाला, तुम्ही दिलंत ते पुरेसं आहे, फक्त तुमची परवानगी हवी. कागद पुढे केला. वाचत बसणं मला शोभत नाही. सही केली.

अर्थ उघड आहे. माझं अंधारातलं ते मौन पाहून त्याने सांगाडा मूक ठेवायचं ठरवलं. पेटी उघडते, सांगाडा काही बोलत नाही, फक्त पाहतो. सिनेमागृहात शांतता. आवाजाच्या माणसाने मौनाची भूमिका करणं, याला म्हणतात अभिनय.

सायंकाळी

तरी एखादं वाक्य हवं होतं.

२६ मे

प्रयोग ३० तारखेला, संध्याकाळी ५ वाजता, शाळेच्या हॉलमध्ये. बोलावणी सुरू. सगळा स्टँड येणार. तोतारामला खास घरी जाऊन आमंत्रण दिलं. म्हटलं, तू यायलाच हवं, तुझ्यासाठी खास काही आहे. तो गहिवरला. मला क्षणभर वाईट वाटलं. मग त्याने माझा हात धरून त्याच्या चोवीस वर्षांच्या सेवेबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि वाईट वाटायचं थांबलं.

त्याला माझ्या शेजारचीच खुर्ची धरून ठेवायला सांगितलं. त्याचं तोंड जवळून बघायचं आहे.

निरोपाच्या घोषणेचा मजकूर पूर्ण. तीन पानं.

३० मे, दुपारी ३.००

नवा शर्ट. लताबाईने अत्तर लावून दिलं. तोतारामचं काय होईल या विचाराने दुपारचं जेवण गेलं नाही. माणसाने इतकं मऊ असू नये.

३१ मे, पहाटे ५.४०

काल काही लिहिलं नाही. डोकं दुखत होतं.

हॉल भरला होता. दिवे गेले. जहाज आलं. (जहाजाच्या कपाळावर पाटी होती: ‘विनाथांबा’. फैजचा बाष्कळपणा.) कॅप्टन भोंग्या डेकवर आला. दोनदा खाकरला. कॉलर ओढली. समोरच्या कर्ण्यावर रुमाल टाकला. म्हणाला, छत्तीस वर्षं, छत्तीस वर्षं हाई जहाज मना आवाजवर चाली राह्यनं.

मी तोतारामकडे वळलो. तोताराम माझ्याकडे वळला होता. तोतारामची चोवीस वर्षं झाली आहेत.

मागून एक आवाज आला: अरे, हाऊ ते स्टँडवरना रुपचंद!

हॉलमधली पाचशे माणसं एकदम हसली. बायका, पोरं, ड्रायव्हर, कंडक्टर, गोळ्याबिस्किटवाला. मी उभा राहून सांगायचा प्रयत्न केला की हा मी नाही, याची ओळख मी पटवलेली आहे, हा तोताराम आहे. पण बोलण्याआधी दोनदा खाकरलो. लोक खुर्च्यांवरून खाली आले. तोताराम डोळे पुसत होता. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, भाऊ, तू एवढा मोठ्या मनाचा असशील असं मला कधी वाटलं नव्हतं. त्याला वाटतं मी मुद्दाम स्वतःवर कॅप्टन करून दिला.

त्याला तसंच वाटू द्यावं.

थांबलेल्या जहाजावर घोषणा द्यायचा तो प्रसंग आला तेव्हा सगळ्यात जास्त हसले. तो मीच सुचवला होता. लताबाई हसली नाही. मी बघितलं, ती समोर बघत होती आणि माझ्या शर्टाची बाही तिने हातात धरली होती.

मग बेट. मग पेटी. मी मनात म्हटलं, चला, आता मूक सांगाडा, निदान हा शेवट तरी माझा. पेटीचं झाकण उघडायला लागलं. आणि पेटीच्या आतून आवाज आला.

ओ माय वं! दार उघाडा रे! मी आठे शे! अंधारं शे आठे, मी मरी जासू रे! माले बाहेर काढा रे कोन्ही! लते! ओ लते! कोठे शे वं तू?

मी आजूबाजूला पाहिलं, कोण ओरडतंय ते बघायला. त्या आवाजाची मला ओळख पटली नाही. लताला पटली. ती उठून उभी राहिली. भर हॉलमध्ये, अंधारात, उभी. म्हणाली, हाऊ ते मना माणूस!

कोणी हसलं नाही. एकजण हसायला गेला, त्याला शेजारच्या म्हातारीने गप्प केलं. मग टाळ्या झाल्या. बऱ्याच झाल्या. त्या सिनेमाला असतील.

परवानगीचा कागद वाचायला हवा होता.

दुपारी २.२०

शेवटची घोषणा. साहेबांनी हार घातला. सगळे केबिनबाहेर जमले. तीन पानं खिशात होती, ती काढली नाहीत. रात्रीपासून ठरवलं होतं की जाताना एक घोषणा अहिराणीत द्यायची. शिरपूरची गाडी फलाट तीनवर लागली. तीच गाडी, तेच स्थानक. वाक्य चार शब्दांचं. कालच्या त्या माणसाला जमलं, मला का जमू नये.

माईक हातात घेतला. दोनदा खाकरलो. खाली हसू फुटलं. म्हणालो: प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, शिरपूरकडे जाणारी बस फलाट क्रमांक तीनवर उभी आहे.

तोंडातून तेच आलं. दुसरं काही येत नव्हतं. बस सुटली. दोन वाजता मशीन एक दिवस आधीच चालू केलं. त्या बाईने ‘पारोळा’ म्हटलं आणि लोक बोचकी उचलून तिकडे पळाले.

सायंकाळी ६.३०

फैज, राकेश आणि शिल्पा घरी आले. राकेश दारातच उभा राहिला, आत यायला लाजत होता. म्हणाला, काका, झेरॉक्सच्या दुकानात सात वर्षं तुमच्या आवाजाखाली उभा आहे, दुसरं कोणी डोळ्यांसमोर येतच नव्हतं. मी त्याला समजावलं की नक्कल ठीक आहे, पण खाकरणं जरा जास्त झालं. फैजने माफी मागितली आणि त्या दिवशीचं मूळ रेकॉर्डिंग माझ्या मोबाईलवर टाकून दिलं. म्हणाला, हे तुमचं आहे, तुमच्याकडे राहू द्या. लताबाईने सगळ्यांना चहा केला. मीही घेतला. आता घसा कोणासाठी सांभाळायचा?

ते गेल्यावर ऐकलं. दार लागल्यापासून दार उघडेपर्यंत, पूर्ण. सव्वा तास नाही. तीन मिनिटं अकरा सेकंद. थापा अकरा. त्यांत ठरावीक अंतर नाही. दर्यावर्दी लोकांचा कुठेही उल्लेख नाही. लताचं नाव नऊ वेळा आहे.

लता भाजी निवडायची सोडून शेजारी येऊन बसली होती. म्हणाली, लग्न ठरवायला आले होते तेव्हा असेच बोलत होते तुम्ही. छत्तीस वर्षं मला वाटत होतं, तो दुसराच कोणी आला होता बघायला.

मग म्हणाली, आखो एक डाव लावा. पुन्हा एकदा ऐकायचं होतं तिला.

मी म्हटलं, बॅटरी संपत आली आहे.

बॅटरी एकोणऐंशी टक्के होती.